घरी गणित येतं, पेपरात का सुचत नाही? चाचण्या घेताना आणि देताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या पालकसभेत गणिताच्या शिक्षकाला ऐकावी लागणारी वाक्यं वर्षानुवर्षं तीच असतात. "घरी सगळं येतं हो त्याला, पेपरात काय होतं कळत नाही." "घटक चाचणीत वीसपैकी अठरा होते, मग प्रिलिमला चाळीसपैकी चौदा कसे?" "सिली मिस्टेक्स फार करते, बाकी काही नाही." आणि या सगळ्यांवर शाळा, क्लास आणि घर यांचा तोडगाही ठरलेला : अजून पेपर सोडवून घ्या.

पेपर सोडवल्याने गणित सुधारतं हे खरंच आहे. किंबहुना परीक्षा ही शिकण्याची फार ताकदवान रीत आहे, नुसतं मोजमाप नव्हे. पण तिच्यात कमाईच्या जागा दोनच : एक, न बघता आठवून काढण्याची मेहनत, दुसरी, चुकलेली उत्तरं. आपण बहुतेक वेळा या दोन्ही वाया घालवतो आणि वर लिहिलेला आकडा तेवढा जपून ठेवतो. त्यामुळे चाचण्यांची संख्या वाढते, गुण मात्र होते तिथेच राहतात. खाली तक्रार पालकांच्या किंवा शिक्षकांच्या शब्दांत, आणि त्यामागची चूक व दुरुस्ती.

"घरी येतं, पेपरात सुचत नाही"

आधी 'घरी येतं' म्हणजे काय होतं ते एकदा शेजारी बसून बघा. बऱ्याचदा मूल वहीतलं किंवा गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण समोर ठेवतं, वाचतं, प्रत्येक पायरी पटते, 'हां, येतं' म्हणून पान उलटतं. खोटं बोलत नसतं ते. वाचताना खरोखरच सगळं सोपं वाटतं. पण कोऱ्या कागदावर पहिली ओळ कुठली लिहायची हे सुचणं वेगळं, आणि त्याची सवय वाचून लागत नाही.

अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. हे उतारे गद्य होते, गणित नव्हतं, हे ध्यानात ठेवायला हवं. पण 'येतं' या भावनेवर किती भरवसा ठेवावा, याचं उत्तर त्यात आहे.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त कंटाळवाणी आहे. सोडवलेलं उदाहरण वाचा, झाकून ठेवा, सोडवायला घ्या. अडलं तर अडलेल्या ओळीपुरतं उघडा, पुन्हा झाका. तेच उदाहरण दोन-तीन दिवसांनी अजिबात न उघडता. ज्या उदाहरणाला उघडावं लागलं त्याच्या क्रमांकाला गोल करा. परीक्षेआधी बघायची यादी तीच, दुसरी नाही.

"घटक चाचणीत अठरा, प्रिलिमला चौदा"

या तक्रारीवर सगळ्यात जास्त थांबायला हवं, कारण इथे मुलाची चूक जवळजवळ नसते. चूक चाचणीच्या रचनेत असते.

दहावीच्या भूमितीत उंची काढायची ही तीन उदाहरणं बघा.

तेरा मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे. शिडीचा पाय भिंतीपासून ५ मीटरवर आहे. शिडी किती उंचीवर टेकली?

शिडीचा पाय भिंतीपासून ५ मीटरवर आहे आणि शिडी जमिनीशी ६० अंशांचा कोन करते. शिडी किती उंचीवर टेकली?

सहा मीटर उंच खांबाची सावली ४ मीटर पडते, त्याच वेळी एका इमारतीची सावली २८ मीटर पडते. इमारत किती उंच?

पहिलं पायथागोरसच्या प्रमेयाचं, उत्तर १२ मीटर. दुसरं त्रिकोणमितीचं, ५√३ मीटर. तिसरं समरूपतेचं, ४२ मीटर. पाठ्यपुस्तकात ही तीन वेगवेगळ्या प्रकरणांत येतात : समरूपता पहिलं प्रकरण, पायथागोरसचं प्रमेय दुसरं, त्रिकोणमिती सहावं. त्रिकोणमितीच्या सरावसंचात दहा उदाहरणं सोडवणाऱ्या मुलाला 'इथे कोणतं साधन वापरायचं' हा प्रश्न एकदाही पडत नाही. पानाच्या डोक्यावर उत्तर छापलेलं असतं. कोन दिसला की टॅन, आणि गाडी सुटली. घटक चाचणीही त्याच प्रकरणावर, म्हणून तिथेही अठरा गुण. प्रिलिमला मात्र तीनही उदाहरणं नाव न सांगता एका पेपरात येतात, आणि मूल शिडी दिसली म्हणून पायथागोरस लावायला जातं, मग एकच बाजू दिलेली दिसते आणि पेन थांबतं.

म्हणजे त्याला सोडवता येत होतं. निवडता येत नव्हतं. निवडण्याचा सराव आपण कधी दिलाच नाही आणि परीक्षा नेमकी त्याचीच घेतली.

फ्लोरिडातल्या डग रोहरर यांनी या एका मुद्द्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००७ साली त्यांनी आणि केली टेलर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका प्रकारची उदाहरणं ओळीने, दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावाच्या वेळी ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. कोणताही शिक्षक पहिल्या गटावर खूश होईल. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर होता, दुसरा ६३. पुढे हाच प्रयोग सातवीच्या खऱ्या वर्गांमध्ये झाला. २०१५ च्या अभ्यासात महिन्यानंतरच्या चाचणीत मिसळून सराव केलेल्या उदाहरणांत ७४ टक्के आणि ओळीने सराव केलेल्यांत ४२ टक्के गुण होते. २०२० मध्ये ५४ वर्गांवर घेतलेल्या मोठ्या अभ्यासात हेच आकडे ६१ आणि ३८ होते. उदाहरणं तीच, क्रम तेवढा बदलला होता.

आपल्याकडे यासाठी नवं पुस्तक छापायला नको. बालभारतीच्या गणिताच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' असतो. नाव अगदी योग्य आहे, फक्त तो त्याच प्रकरणापुरता संकीर्ण असतो. आणि वेळ कमी पडला की वर्गात सगळ्यात आधी वगळला जातो तोही हाच. शिक्षकाने एवढंच करायचं : तीन प्रकरणं झाली की त्यांच्या संकीर्ण संग्रहांतून एकेक करत नऊ-दहा प्रश्न उचलायचे, क्रम उलटापालटा करायचा आणि प्रकरणाचं नाव न लिहिता फळ्यावर द्यायचे. पहिल्या वेळी पूर्ण सोडवायलाही लावू नका. प्रत्येकापुढे 'कोणतं साधन आणि का' एवढी एकच ओळ लिहून घ्या. दहा प्रश्न पंधरा मिनिटांत होतात आणि वर्गाची खरी अवस्था कळते.

बीजगणितातही तेच. 'पहिल्या महिन्यात २०० रुपये बाजूला टाकले, पुढे दर महिन्याला ५० रुपये वाढवले' एवढं दिलं आणि विचारलं, बाराव्या महिन्यात किती टाकले? उत्तर ७५०. वर्षभरात एकूण किती साठले? उत्तर ५७००. एक अंकगणिती श्रेढीचं पद, दुसरी बेरीज. 'पद' शिकवलेल्या दिवशी पदाचीच आणि 'बेरीज' शिकवलेल्या दिवशी बेरजेचीच उदाहरणं दिली तर दोन्ही दिवस वर्ग खूश असतो. दोन्ही एकत्र विचारा, निम्म्या वर्गाची उत्तरं अदलाबदल होऊन येतील.

या दुखण्याला दुसरी बाजूही आहे, विसरण्याची. जूनमध्ये शिकवलेली दोन चलांतील रेषीय समीकरणं जुलैच्या चाचणीत येतात आणि त्यानंतर थेट सहामाहीला, मग प्रिलिमला. मधल्या काळात कोणी त्यांचं नावही काढत नाही. म्हणून वीस गुणांच्या चाचणीतले सात-आठ गुण कायम मागच्या प्रकरणांसाठी ठेवावेत, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. रोजच्या तासाला पहिली पाच मिनिटं तीन छोटी उदाहरणं : एक कालचं, एक गेल्या महिन्यातलं, एक मागच्या इयत्तेतलं. गुण नाहीत, वही तपासणं नाही, उत्तर फळ्यावर, मूल स्वतःच बरोबर-चूक करतं. नववीतल्या मुलाला सहावीतल्या अपूर्णांकांची बेरीज विचारायला लाजू नका. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिणारी मुलं नववीतही भेटतात, आणि ती परिमेय राशींपर्यंत पोहोचण्याआधीच कळलेली बरी.

एक सावधानता. मिसळलेला सराव सुरू केला की पहिले काही आठवडे गुण खाली येतात. वरच्या प्रयोगातही सरावाच्या वेळी तेच झालं होतं. पालकांना आणि मुख्याध्यापकांना आधी कल्पना दिली नाही तर तिसऱ्या आठवड्यात फोन येतो आणि सगळं पूर्वपदावर जातं.

"सिली मिस्टेक्स होतात फक्त"

'सिली' म्हटलं की चूक कोणाचीच राहत नाही. ती मुलाची नाही, शिक्षकाची नाही, क्लासची नाही. शिवाय तिच्यावर उपायही सोपा : 'काळजीपूर्वक सोडव.' हा सल्ला ऐकून कोणाचं चिन्ह सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एक-दोन खऱ्या चुका घेऊ. २(क्ष − ३) − (क्ष − ४) याला सरळ रूप द्या. उत्तर क्ष − २. वर्गात क्ष − १० हे उत्तरही हमखास येतं. ते गडबडीतून आलेलं नाही. कंसाआधीचं वजा चिन्ह आतल्या फक्त पहिल्या पदाला लागतं, असा त्या मुलाचा नियमच आहे. मागच्या तीन चाचण्या काढून बघा, प्रत्येक वेळी त्याने तेच केलेलं असतं. म्हणजे ती चूक नियमित आहे आणि नियमित चूक म्हणजे समजुतीतली चूक.

क्ष² − ५क्ष = ० सोडवताना मूल दोन्ही बाजूंना क्ष ने भागतं आणि क्ष = ५ एवढंच लिहितं; शून्य हे मूळ हरवतं. का हरवलं ते विचारा. 'दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने भागलं तर चालतं' असं आपणच सातवीत शिकवलेलं असतं. ती संख्या शून्य नको, ही अट तेव्हा कोणाला महत्त्वाची वाटत नाही. दोन समरूप त्रिकोणांच्या बाजूंचं गुणोत्तर २ : ३ असताना क्षेत्रफळांचं गुणोत्तरही २ : ३ लिहिणारी मुलगी, (अ + ब)² म्हणजे अ² + ब² लिहिणारा मुलगा, आणि १२, ७, २ या श्रेढीत साधारण फरक उणे पाचऐवजी पाच धरून दहावं पद उणे ३३ ऐवजी ५७ काढणारा तिसरा, या सगळ्यांच्या पेपरवर आपण एकसारखी लाल फुली मारतो. फुली सगळ्यांची एक, आजार वेगवेगळे.

चुका चार खान्यांत टाकायला मुलांनाच शिकवा. समासात एक अक्षर लिहायचं : 'आ' म्हणजे आकडेमोड, 'चि' म्हणजे चिन्ह, 'वा' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, 'प' म्हणजे पद्धतच चुकली किंवा सुचली नाही. तीन चाचण्यांनंतर प्रत्येकाचा आपापला हिशेब दिसतो. 'वा' जास्त असतील तर दिलेली माहिती आणि काय काढायचं हे आधी लिहायची सक्ती. 'आ' असतील तर पडताळा घेण्याची सवय. समीकरणाचं उत्तर मूळ समीकरणात घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. 'प' जास्त असतील तर मात्र अजून पेपर सोडवून काही होणार नाही, ते प्रकरण पुन्हा शिकायला हवं. आपल्याकडे चौघांनाही सल्ला एकच मिळतो, प्रॅक्टिस वाढव.

अजून एक युक्ती आहे, खर्च शून्य. मुलांना प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री' किंवा 'अंदाज' लिहायला सांगा. ठाम खात्रीने दिलेलं उत्तर चुकीचं आहे असं कळलं की ती दुरुस्ती जास्त पक्की बसते, असं बटरफील्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ च्या अभ्यासात आढळलं होतं. तो सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवरचा होता. पण वर्गात 'खात्री' लिहून चुकलेला मुलगा ज्या उत्सुकतेने 'सर, पण का?' विचारतो ती उत्सुकता नुसत्या फुलीने येत नाही. शिवाय शिक्षकालाही फायदा : 'अंदाज' लिहून बरोबर आलेल्या उत्तरावर समाधान मानायचं नाही, हे त्याला दिसतं.

"पेपर दिले, गुण वहीत उतरवले, विषय संपला"

ही तक्रार कोणी करत नाही, कारण हे सगळ्यांना बरोबरच वाटतं.

पेपर वाटल्यावर वर्गात काय होतं? पहिल्या पानावरचा आकडा बघितला जातो, शेजाऱ्याचा विचारला जातो, बेरीज चुकली आहे का ते तपासलं जातं. एखादा गुण वाढवून मिळाला तर रांग लागते. मग पेपर दप्तरात आणि तिथून रद्दीत. आत लाल शाईने लिहिलेलं कोणी वाचत नाही. इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा फक्त शेरा मिळालेल्यांत दिसली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली, म्हणजे शेरा लिहिण्याची मेहनत फुकट गेली. तिथली कामंही गणिताची नव्हती. पण आकडा दिसला की डोळे बाकी काही बघत नाहीत, हे सांगायला खरं तर प्रयोगही नको.

आता साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला शेरा लिहा असं म्हणणारा माणूस वर्गात कधी उभा राहिलेला नसतो. आणि गुण तर नोंदवावेच लागतात. २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक मूल्यमापनाची कल्पना हीच होती : शिकत असताना कुठे अडलंय ते बघा आणि शिकवणं बदला. बऱ्याच शाळांत तिचं काय झालं? नोंदवहीचे रकाने भरणं. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. ज्याची तपासणी होते तेच काम नीट केलं जातं.

त्यामुळे जमेल एवढंच सांगतो. गुण तुमच्या वहीत लिहा, पेपरवर लिहू नका. पेपरवर चुकलेल्या ओळीखाली फक्त रेघ. बरोबर काय ते लिहू नका. पेपर वाटल्यावर पहिली वीस मिनिटं मुलांनी रेघ असलेल्या जागा स्वतः दुरुस्त करायच्या, जोडीने चालेल. तपासताना सगळ्यात जास्त आढळलेल्या तीन चुका कागदावर टिपून ठेवा आणि उरलेला तास त्यांच्यावर घालवा, नाव न घेता. अख्खा पेपर फळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून दाखवायचा मोह टाळा. ज्यांना येत होतं ते कंटाळतात, ज्यांना येत नव्हतं ते उतरवून घेतात. गुण दोन दिवसांनी सांगा. पहिल्या वेळी वर्ग कुरकुरतो, तिसऱ्या वेळी सवय होते.

पायऱ्यांचे गुणही द्या. बोर्डाच्या तपासणीत ते मिळतात, मग घटक चाचणीत फक्त शेवटचं उत्तर बघून शून्य देणं कशासाठी? अशाने मूल दोन गोष्टी शिकतं : पायऱ्या लिहायच्या नाहीत, आणि अर्धवट येत असेल तर प्रश्न सोडून द्यायचा. दुसरी सवय जास्त महागात पडते.

"अख्ख्या वर्गाला कमी पडले, पुन्हा चाचणी घेऊ"

घेऊ नका. निदान तीच तर नाहीच. तोच पेपर पुन्हा घेतला की मुलं उत्तरं पाठ करून येतात, गुण वाढतात आणि शिक्षकाची समजूत होते की झालं काम. वीसपैकी चार-पाच अशी सरसकट अवस्था असेल तर ती चाचणी मुलांबद्दल कमी आणि शिकवण्याच्या वेगाबद्दल जास्त सांगते.

परीक्षेने शिकणं पक्कं होतं, पण आधी थोडं तरी शिकलेलं हवं. ज्याला काहीच उमगलेलं नाही त्याला प्रश्नावर प्रश्न टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावरच दाखवून दिलं की नवख्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला नुसती उदाहरणं सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला देऊन लगेच तसंच एक सोडवायला दिलं तर ते लवकर शिकतात. क्रम असा ठेवा : एक पूर्ण सोडवलेलं, मग शेवटच्या दोन पायऱ्या रिकाम्या ठेवलेलं, मग निम्मं, मग कोरं. बोर्डाच्या पेपरातले चौकटी भरायचे 'कृती पूर्ण करा' प्रश्न याच कामाचे आहेत. मात्र ते शिकताना वापरायचे. जानेवारीत चौकटीत काय येतं ते पाठ करून घेण्यासाठी नव्हे. प्रमेयांचंही तसंच. त्रिकोणाच्या शिरोबिंदूंची अक्षरं बदलली किंवा आकृती फिरवली की सिद्धता कोसळत असेल, तर मुलाने सिद्धता शिकलेली नाही, अक्षरं पाठ केली आहेत. चाचणीत नेहमी आकृती फिरवूनच द्या.

पर्यायी प्रश्नांबद्दल थोडक्यात. शिष्यवृत्ती परीक्षेची आणि पुढे प्रवेश परीक्षांची तयारी लवकर सुरू झाल्याने मुलं पर्याय समीकरणात घालून बघायला पटाईत होतात. चतुराई म्हणून ठीक, पण त्यातून समीकरण मांडायची सवय लागत नाही. अधूनमधून तोच प्रश्न पर्याय खोडून द्या, किंवा 'बाकीचे तीन का चूक' एवढंच विचारा.

"नुसतं गणिताचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो"

२०१२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षणात ओईसीडी या बहुतेक विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांमधल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ५९ टक्क्यांनी सांगितलं होतं की गणिताचा तास अवघड जाईल याची आपल्याला बऱ्याचदा काळजी वाटते. आपल्या एकट्याच्या घरचं दुखणं नाही हे. काळजी डोक्यात हातचा धरायची जागा अडवते, म्हणून येणारंही चुकतं. अॅशक्राफ्ट आणि कर्क यांच्या २००१ च्या प्रयोगांचा रोख हाच होता.

इथे भीती चाचणीची नसते, चाचणीनंतरच्या तमाशाची असते. मोठ्याने गुण वाचणं, नापासांना उभं करणं, क्लासच्या ग्रुपवर क्रमवारी टाकणं, हे बंद केलं तर त्याच मुलाला रोजच्या पाच मिनिटांच्या तीन उदाहरणांची धास्ती वाटत नाही. उलट लहान, बिनगुणांच्या चाचण्या जितक्या वारंवार तितकी मोठ्या परीक्षेची नवलाई कमी. वेळ लावून सोडवणं शेवटी आणा. पद्धत बसायच्या आधी घड्याळ लावलं की मूल वेगाने चुकायला शिकतं.

आईवडिलांनी घरी आल्यावर 'किती पडले?' आणि पाठोपाठ 'सगळ्यात जास्त कोणाला?' हे दोन प्रश्न मागे ठेवावेत. 'कुठलं चुकलं, दाखव बरं' असं विचारा. तुम्हाला स्वतःला त्रिकोणमिती आठवत नसली तरी बिघडत नाही. मूल तुम्हाला समजावून सांगायला लागलं की कुठे अडखळतं ते दोघांनाही कळतं.

"प्रिलिम झाली, आता रोज एक पेपर"

दहावीला गणित भाग १ आणि भाग २ असे चाळीस-चाळीस गुणांचे, दोन-दोन तासांचे पेपर. प्रिलिम ते बोर्ड या काळात क्लास आणि शाळा मिळून सराव पेपरांचा गठ्ठा देतात आणि मुलं तो इमानदारीने संपवतात. एक पेपर संपला की दुसरा, तपासून आलेला बघायलाही सवड नाही. पाचव्या पेपरातही पहिल्यातल्याच चुका असतात.

पेपर निम्मे करा. दोन तास पेपर सोडवायला, तर दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ त्यातल्या चुकलेल्यांना. चुकलेला प्रश्न वेगळ्या वहीत फक्त प्रश्न म्हणून लिहायचा, उत्तर मागच्या पानावर. आठवड्याने ती वही उघडून उत्तर न बघता सोडवायची. दोनदा बरोबर सुटलेला प्रश्न खोडायचा, न सुटलेला ठेवायचा. नवा पेपर घ्यायचा तो या वहीतले निम्मे प्रश्न खोडले गेल्यावर. शेवटच्या आठवड्यात अपेक्षित प्रश्नसंच विकत आणायची गरज पडत नाही, कारण त्या मुलाचे खरे अपेक्षित प्रश्न त्याच वहीत असतात, आणि ते शेजारच्या मुलापेक्षा वेगळे असतात.